पहिल्या वर्षाची आई

१० ऑगस्ट

आई,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे रेंज नसेल, ड्युटी असेल, असली कारणं तू माझ्या वतीने शोधत बसायला नको. उचलला असता तर भांडले असते, आणि भांडायलाही अंगात त्राण लागतं. पत्राचं बरं असतं. मध्येच कोणी हुंदका देत नाही.

तू लिहिलंस, "लेक म्हणून नको, सीनिअर सिस्टर म्हणून चार गोष्टी सांग." बरं, तशाच सांगते.

बूट एक नंबर मोठे घे. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, तुझे तर घरीसुद्धा सुजायचे. नवे बूट थेट वॉर्डात नेऊ नकोस, आधी होस्टेलच्या जिन्यावर चढउतार करून मऊ कर. सकाळी पोटात काही ढकलल्याशिवाय ड्युटीवर जायचं नाही. उपाशी राहून सगळ्यांचं करत राहण्यात तू पटाईत आहेस, पण तिथे त्याचं कोणाला कौतुक नाही. चक्कर येऊन पडलीस तर उलट एक पलंग अडवशील. आणि लघवी तुंबवून ठेवू नकोस. आमच्या निम्म्या सिस्टर त्यापायी दुखणी काढतात आणि कोणाला सांगतही नाहीत.

वर्गातल्या मुली तुला काकू म्हणतात, म्हणू देत. तू त्यांच्या आयांपेक्षा मोठी असशील. पण काकू, काकू करत त्या तुझ्याकडून स्वतःच्या वाटणीच्या चादरी घालून घेतील, आणि तू हसत घालून देशील. तेवढं करू नकोस. तू तिथे नर्सिंग शिकायला गेली आहेस, तिथे आणखी एक घर मांडायला नाही.

औषधाच्या मात्रेची गणितं चुकली म्हणून रडलीस म्हणे. बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीच्या टाकीत एवढं पेट्रोल, दुपारी एवढे शिकाऊ, गाडी परत दारात येईल की रस्त्यात बंद पडेल, हे तू भांडी विसळता विसळता सांगायचीस. ते पण गणितच होतं. बाटलीत एवढं औषध, डॉक्टरांनी सांगितलं एवढं, तर सुईत किती? तेच आहे. फक्त आकडे इंग्रजीत लिहिलेत म्हणून तू घाबरतेस.

जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. ताप घेतला नसेल तर रकाना कोरा ठेव आणि बोलणी खा. कोणी कितीही सांगितलं, "अगं कालचाच टाक," तरी नाही.

घरचं विचारू नकोस. बाबा ठीक आहेत. सकाळी गाडी घेऊन बाहेर पडतात, शिकाऊ लोकांवर खेकसतात, दुपारी येऊन जेवतात. तुझा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतात. तू गेलीस त्या दिवशी मी ड्युटीवरून आले तेव्हा ते स्वयंपाकघरात साखरेचा डबा हातात धरून उभे होते. ज्यांना साखर बंद आहे ते! मी विचारलं, "आई कुठाय?" तर म्हणाले, "शाळेत गेली." बस, तेवढंच.

मला तू निदान सांगून जायला हवं होतंस.

सिस्टर-इन-चार्ज
(घर आणि वॉर्ड, दोन्हीकडची)


२१ सप्टेंबर

आई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आमच्या वॉर्डात दोघी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर आहेत, तिसरी लग्नाच्या. उरलेल्या आम्ही जिवंत आहोत असं म्हणतात.

ट्यूटर तुला सगळ्यांसमोर बोलली, ते वाचलं. चूक तुझीच होती. आजीला तू वर्षानुवर्षं एकटीने कुशीवर वळवलंस, तिच्या पाठीला शेवटपर्यंत एक फोड येऊ दिला नाहीस. मला हे माहीत आहे. तुमच्या ट्यूटरला ते माहीत असायची काही गरज नाही. आजी घरच्या गादीवर होती, तिला नळ्या नव्हत्या. तुझ्या त्या पेशंटला होत्या, आणि तू एकटीने वळवलंस म्हणून त्यातली एक निघाली. बाई ओरडली म्हणून तुला वाईट वाटलं, पण ज्याची नळी निघाली त्याला जास्त वाईट वाटलं असेल. आजीवर तू जे शिकलीस त्यातला धीर ठेव आणि पद्धत विसर. कोणाला तरी हाक मार, दोघी मिळून वळवा. तुला हाक मारायची सवयच नाही, आम्हा कोणालाच तू कधी मारली नाहीस.

आणि "मला येत नाही, दाखवा" हे म्हणायला शीक. तोंडातल्या तोंडात नाही, ऐकू जाईल असं. वीस वर्षांच्या पोरीला म्हणायला लाज वाटते, चव्वेचाळीसच्या बाईला तर धरणी दुभंगावी असं वाटत असेल. पण जी म्हणत नाही तिच्या हातून एक दिवस भलतंच काहीतरी होतं. मी अशा दोघी पाहिल्यात. त्यातली एक अजूनही रडते.

तुझी पहिली म्हातारी गेली ते लिहिलंस. रात्रभर तुला तिचे हात दिसले म्हणालीस. दिसतात. काही दिवसांनी दिसायचे थांबतात, आणि मग थांबले म्हणून वाईट वाटतं. त्यावर मला अजून औषध सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर जायचं, एवढंच मी करते.

जखमांचं विचारलंस. आमच्याकडे एक पेशंट आहे, साखरेचा जुना. बुटाने अंगठ्याला घासलं. साखरेच्या माणसाला पायाला दुखतच नाही, तीच सगळी गोम. त्याने कोणाला सांगितलं नाही, घासलेल्या जागेची कातडी दाढीच्या ब्लेडने कापली आणि वर मोजे चढवले. घरच्यांना कळलं तेव्हा वासावरून कळलं. असे पेशंट मोजे काढायला तयार नसतात. भांडतात, "मला काही झालेलं नाही" म्हणतात, हात झटकतात. तेव्हा वाद घालू नकोस. आधी हात धू, मग समोर जमिनीवर बस, आणि गप्प बसून राहा. कंटाळून शेवटी पाय पुढे करतात. आतून बाहेर पुसत यायचं, एका बोळ्याने एकदाच. वास आला तरी तोंड वाकडं करायचं नाही. ते आपल्या तोंडाकडेच बघत असतात.

मी अर्ज केला होता त्या लांबच्या नव्या हॉस्पिटलच्या नोकरीचं विचारलंस. ते बारगळलं. जागा भरल्या त्यांनी. मला काही विशेष वाटलं नाही.

झोपते आता. दुपारचे चार वाजलेत, पण माझा दिवस संपला.

— मी


५ ऑक्टोबर

आई,

पूर्ण पानावर तुझं एकच वाक्य. "त्या पेशंटला विचार, ब्रेकचा पाय की क्लचचा?"

ब्रेकचा. उजवा. आता विचारलंसच तर सांगते. गेल्या आठवड्यात अंगठा काढावा लागला. आमच्याच हॉस्पिटलात आहेत, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर. ताप उतरला आहे. पाय वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आणि ते उगाच गोड बोलणाऱ्यातले नाहीत.

तुला कळवलं नाही कारण तुझी परीक्षा आहे. आणि कळवलं असतं तर तू आली असतीस. पिशवी दाराशी टेकवून हात धुतले असतेस, पदर खोचला असतास, की संपलं. परत गेली नसतीस. मी ओळखते तुला.

येऊ नकोस.


१९ ऑक्टोबर

आई,

काल तू सरळ वॉर्डातल्या फोनवर फोन केलास. तिकडचा फोन उचलावाच लागतो. मग तू म्हणालीस, "मी नाव काढून घेते. अर्ज लिहिलाय, उद्या देते." आणि ठेवून दिलास.

हे पत्र माझ्या ओळखीच्या अँब्युलन्स ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, तो तुमच्या गावावरूनच जातो. होस्टेलच्या दारात तुझ्या हातात देईल. अर्ज दिला असशील तर परत माग. आधी हे वाच.

बाबांचं पहिल्यापासून सांगते. ऑपरेशननंतर ते अख्ख्या वॉर्डाला नकोसे झाले होते. डाळ पातळ आहे, पंखा वाजतो, शेजारचा घोरतो. त्यांच्या वॉर्डात सध्या पहिल्या वर्षाच्या मुली आल्यात, तुझ्यासारख्याच. त्यातली एक अगदीच पोरगेली आहे, चष्मा सारखा नाकावरून घसरतो आणि हात मोकळा नसला की ती तो खांद्याने वर ढकलते. ती बाबांना इन्सुलिन द्यायला आली. बाबा ओरडले, "मला शिकाऊ नको! मी काय प्रयोगाची वस्तू आहे? सिस्टरला बोलवा!" मग समोरच्या पलंगावरच्यालाही चेव आला, तोही म्हणाला, मलाही नको. पोरीच्या हातून ट्रे निसटला. सगळं फरशीवर. ट्यूटर धावत आली आणि तिला तिथेच, सगळ्या पलंगांसमोर, असं काही बोलली की मी लिहीत नाही. तुला ऐकून पाठ असेल.

मी चहाच्या सुट्टीत बाबांना बघायला आले होते, दारातच उभी राहून हे ऐकलं. पोरगी बाहेर पळाली. मी बाबांजवळ गेले तर ते चादरीचा काठ चिमटीत धरून बसलेले.

"तिलाही असंच बोलतात?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"कोणाला काय कोणाला?"

तू गेल्यापासून त्यांनी तुझा विषय स्वतःहून पहिल्यांदाच काढला, आई. मी म्हटलं, "हो. तिला जास्तच. या वयात आली म्हणून."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाबा बाही वर सारून बसलेले, आणि समोर ती चष्मेवाली, सुई हातात घेऊन लटलट कापत. आणि बाबा गाडीतल्या आवाजात बोलत होते. तो आवाज तुला माहीत आहे. घरात कधी काढत नाहीत, फक्त शिकाऊ माणूस पहिल्यांदा चढावर गाडी थांबवतो तेव्हा काढतात.

"घाई नाही. आधी श्वास सोड. हात कापतोय तर कापू दे, नजर हलू देऊ नकोस. मागून कोणी हॉर्न वाजवत नाहीये."

तिने टोचलं. मग मान वर करून विचारलं, "लागलं का काका?"

"लागलं की. पुढच्या वेळी कमी लागेल." आणि समोरच्या पलंगाकडे बघून म्हणाले, "आता ह्यांना दे. काही होत नाही हो, हात पुढे करा."

तेव्हापासून सगळ्या मुली त्यांच्याकडेच येतात. एक ब्लडप्रेशर घेते, दुसरी नाडी मोजते, तिसरी नुसतीच चादर नीट करायच्या निमित्ताने रडून जाते. बाबा एकेकीला सांगत असतात, पुन्हा कर, पट्टा सैल बांधलास. ट्यूटर काही म्हणाली तर तिलाच म्हणतात, "बाई, मी इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसलोय. ओरडलं की ते ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबतात." ती बाई आता त्यांच्या पलंगाला वळसा घालून जाते.

म्हटलं, "बाबा, घरी तर तुम्ही सगळ्यात जास्त ओरडता."

"म्हणून तर मला माहीत आहे," म्हणाले.

परवा मी त्यांच्या पायाची पट्टी बदलत होते तेव्हा ते आपणहून म्हणाले, "तो बँकेतला कॅशियर आठवतो? रिटायर झाल्यावर गाडी शिकायला आला होता. रोज दिव्याच्या खांबाला गाडी टेकवायचा. मी त्याला एकदाही म्हटलं नाही, काका, या वयात हे काय." मग खिडकीबाहेर पाहिलं. "आपल्या बोर्डावर लिहिलंय ते. सर्व वयाच्या व्यक्तींना प्रेमाने शिकवले जाईल. मीच रंगवून घेतलंय."

मी पट्टी गुंडाळत राहिले. मला शिकवलंय कोणीतरी, माणूस बोलायला लागला की हात चालू ठेवायचे आणि तोंड बंद.

काल तुझा फोन झाल्यावर मी त्यांना सांगितलं, आई नाव काढून घेतेय. त्यांनी विचारलं, "मग तिचं हे वर्ष?" मी म्हटलं, बुडेल. परत प्रवेश मिळेलच असं नाही. तर म्हणाले, "मग नाही यायचं. सांग तिला. म्हणावं, मला कोणाचे उपकार नकोत."

हे बाबांच्या भाषेत काय असतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता माझं. मला राग आहे, आई. तू शिकतेस त्याचा नाही. तू गेलीस आणि मागे जे उरलं ते सगळं मी उचलेन हे तू धरून चाललीस, त्याचा. कारण मी नर्स आहे, कारण मी एकटी आहे, कारण मी आहेच. सकाळी बाबांची पट्टी, मग वॉर्ड, मग स्वयंपाक, मग पुन्हा पट्टी. आरशात बघितलं तर तूच दिसतेस मला, आजीच्या वेळची.

त्या नव्या हॉस्पिटलच्या जागा भरल्या नव्हत्या. माझी निवड झाली होती. मीच नाही म्हणून कळवलं. तुला अपराधी वाटावं म्हणून हे सांगत नाही, असं लिहिणार होते. पण खरं तर थोडं त्यासाठीच सांगते आहे. वाटू दे. आणि वाटत असतानाच उद्या वर्गात जाऊन बस. तू परत आलीस तर माझं ते फुकट जाईल. मग मात्र मी तुझं तोंड बघणार नाही.

पट्टी बांधताना बोटांच्या टोकांचा रंग बघायला विसरू नकोस, पट्टी घट्ट झाली की ती निळी पडतात, परीक्षेत नेहमी विचारतात. औषध देताना पेशंटचं नाव, औषध, मात्रा, वेळ, मार्ग (तोंडाने की सुईने), दरवेळी मोठ्याने म्हणून बघ. वेडी म्हणतील. म्हणू देत.

खाल्लंस का काही?

तुझी


१२ जानेवारी

आई,

पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा बाबाच बोलले, म्हणून मी घेतला नाही. यावेळी राग नव्हता. मी झोपले होते. तू आलीस त्या सुट्टीत मी जी झोपायला लागले ती अजून पुरती जागी झालेली नाही.

सहामाहीला सेकंड क्लासमध्ये पास झालीस त्याबद्दल मी तोंडावर काही बोलले नाही. आता लिहिते. आमच्या बॅचच्या निम्म्या जणी पहिल्या वेळी शरीररचनेच्या पेपरात आपटल्या होत्या. मीही.

तुझी बस सुटल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. बाबा काठी टेकत स्टँडच्या फाटकापर्यंत गेले आणि बस वळून दिसेनाशी झाली तरी तिथेच. मी म्हटलं, चला. तर त्यांनी विचारलं, "त्या हॉस्पिटलचं काय झालं?"

"बारगळलं ते, बाबा."

"खोटं बोलू नकोस. तुझ्या आईने सांगितलंय मला."

म्हणजे तुम्ही दोघं बोललात. चार दिवस मी घरात होते, मला भांड्यांशिवाय कसलाच आवाज आला नाही. कधी बोललात?

"परत विचार त्यांना," म्हणाले.

मी म्हटलं, "आणि तुमची पट्टी? गावातला दवाखाना रविवारी बंद असतो. दिवसातून दोनदा कोण करणार?"

ते रिक्षात बसले. मग म्हणाले, "मला येत नाही. दाखव."

सध्या शिकवणी चालू आहे. पहिल्या दिवशी त्यांनी हात धुतले आणि त्याच हातांनी खुर्ची ओढली. मी म्हटलं, परत धुवा. परत धुतले, मग चष्मा सारखा केला. परत धुवा. तिसऱ्यांदा माझ्याकडे असं काही बघितलं की वाटलं आता बेसिनच फोडणार. पण गेले, धुवून आले. जखम अजून बोटाच्या पेराएवढी उरली आहे. आधी त्यांना तिच्याकडे बघवेना. इतके दिवस मी करत होते तेव्हा ते छताकडे बघायचे. मी नुसती जमिनीवर बसून राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ बघितलं.

"एवढीच आहे होय," म्हणाले.

मी त्या नव्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना फोन केला. आता जागा नाही, मार्चमध्ये एखादी निघेल कदाचित, तेव्हा पुन्हा मुलाखत द्यावी लागेल म्हणाल्या. बघू. मिळेलच असं नाही. मी अजून आशा वगैरे धरलेली नाही, तेवढा वेळ नाही मला. पण अर्ज टाकला आहे.

गाडीचं म्हणशील तर बाबांना अजून पेडलवर जोर देता येत नाही. शेजारच्या गल्लीतला एक जुना शिष्य सकाळची बॅच घेतो आणि बाबा मागच्या सीटवर बसून त्याला सूचना देतात. शिकाऊ बिचारे दोघांचं ऐकतात आणि गाडी बंद पाडतात.

आज सकाळी मला आवरायला उशीर झाला. बाहेर आले तर बाबा स्टुलावर पाय ठेवून बसलेले, बोळे, पट्टी, सगळं पुसलेल्या ताटात मांडून. मी पुढे झाले तर हाताने थांब म्हणाले. मी हात मागे बांधून उभी राहिले. फार कठीण असतं ते, आई, तुला कळेल एक दिवस, हाताखाली मुली आल्या की. एक बोळा खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही, बाजूला सारला आणि दुसरा घेतला. हे मी सांगितलेलं नव्हतं. त्या चष्मेवालीने सांगितलं असेल. आतून बाहेर पुसलं. एकदाच. पट्टी गुंडाळताना जीभ दातांत धरली होती. शेवटी चिकटपट्टी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं."

पट्टी वाकडी होती. वरच्या बाजूला सैल आणि घोट्याशी नको तेवढी जाड. बोटांचा रंग बघितला, ठीक होता.

मी ती तशीच राहू दिली आणि ड्युटीला गेले.